‘मशीन बंद हाय, लगेच निघा’ : ब्रेकडाऊन कॉलवरचे अनुभव

पाना_सतरा | सोमवार, रात्री १०:५०

कॉम्प्रेसर आणि हायड्रॉलिक्सचा सर्व्हिस इंजिनिअर म्हणून मला पंधरा वर्षं होत आली. मुक्काम छत्रपती संभाजीनगर, पण हद्द म्हणाल तर इकडं वैजापूर, तिकडं किनवट-देगलूर. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याचे कॉल त्यातल्या त्यात सुखाचे. गेटपास मिळतो, मेंटेनन्सचा माणूस सोबत असतो, जेवणाच्या वेळी कँटीन असतं. खरा कस लागतो तो जिनिंग, डाळमिल, ऑइल मिल आणि साखर कारखान्यावर. तिथं सगळं सीझनवर चालतं. पोळ्याला बैलालासुद्धा सुट्टी असते, दिवाळीनंतर मला नसते.

एक कॉल सांगतो. डिसेंबरचा महिना, मानवतच्या पुढं एक जिनिंग-प्रेसिंग. संध्याकाळी सातला फोन आला, “प्रेस दाबच घेईना.” पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत रुईचा ढीग पत्र्याला टेकायला आलेला. १७० किलोची गाठ बांधायची, आणि सिलिंडर निम्म्यावर जाऊन थांबायचा.

माझ्या आधी गावातल्या मिस्त्रीनं पंप उघडून सील बदलले होते. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून रिलीफ व्हॉल्व्हचा (जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या झडपेचा) स्क्रू पार पिळून ठेवला होता. मी पहिलं काम केलं ते हा स्क्रू सैल करायचं. दाब कुठं तरी अडला असता आणि अचानक सुटला असता तर होजपाइप फुटून कुणाच्या अंगावर गेला असता. दुसऱ्यानं हात लावलेलं मशीन मला न उघडलेल्या मशीनपेक्षा जास्त भीती घालतं.

मग एकदाच, दहा सेकंद पंप चालू करायला लावला. आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. म्हणजे पंप मेलेला नाही, उपाशी आहे. त्याला तेल मिळत नाही.

आता आमच्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: “काल-परवा इथं काय काम केलंत?” पाच जणांना विचारलं. पाचही जणांचं एकच उत्तर, “काहीच नाही साहेब, चालता चालता बंद पडलं.” पंधरा वर्षांत या प्रश्नाचं पहिलं उत्तर दुसरं काही आलेलं मला आठवत नाही.

मी पान्याला हात न लावता बाहेर येऊन बसलो. मालक वैतागला. थोड्या वेळानं झाडलोट करणारे एक मामा बिडी पेटवायला आले. दोन झुरके मारून, माझ्याकडं न बघता म्हणाले, “परवा तेल टाकलं होतं टाकीत. ड्रमच्या तोंडाला कापडाचा बोळा होता, त्यो नंतर सापडंना.”

टाकीतलं तेल ड्रममध्ये उपसून सक्शन स्ट्रेनर, म्हणजे पंपाकडं जाणाऱ्या तेलाची गाळणी, काढला. बोळा त्याला ओल्या पदरासारखा गुंडाळून बसला होता. स्ट्रेनर धुतला, तेल गाळून परत भरलं, गेज बघत रिलीफ व्हॉल्व्ह पुन्हा सेट केला. साडेतीनला पहिली गाठ बाहेर पडली.

सर्व्हिस रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ‘सक्शन स्ट्रेनर चोक. टाकीच्या फिलरला (तेल ओतायच्या तोंडाला) जाळी नाही, बसवणे आवश्यक.’ मामांचं नाव नाही, तेल टाकणाऱ्या पोराचंही नाही.

तुमच्याकडचे अनुभव येऊ द्या. मशीन कुठलंही चालेल.

---

भट्टीजवळचा | सोमवार, रात्री ११:३५

लेख झक्कास, पण मी टेबलाच्या पलीकडचा माणूस. जालन्यात रोलिंग मिलला मेंटेनन्स बघतो. तुम्ही बाहेर जाऊन बसता तेव्हा माझ्या डोक्यावर मालक उभा असतो हो! भट्टीत बिलेट (लोखंडाचे लांब ठोकळे) तापलेले असतात. मिल थांबली तरी भट्टी थंड करता येत नाही, आणि जितका वेळ माल आत पडून राहील तितकी पापडी धरते. ते लोखंड गेलंच. आम्ही त्याला बर्निंग लॉस म्हणतो, मालक दुसरं काहीतरी म्हणतो.

दुसरं, तुमच्यासारखे दहात दोन. बाकीचे येतात, बॅगेतून जो पार्ट निघेल तो बदलतात, चालू झालं की सही घेऊन पसार. जुना पार्ट दाखवा म्हटलं की तोंड वाकडं.

आणि तिसरं, नाव लिहायलाच पाहिजे होतं. आज बोळा पडला, उद्या पाना पडेल. तुम्ही त्या पोराला वाचवलं नाही, पुढच्या ब्रेकडाऊनची सोय करून ठेवली.

---

सौ_ब्रेकडाऊन | मंगळवार, सकाळी ७:१०

आयडीवरून कळलंच असेल. आमच्याकडं दाराजवळ एक बॅग कायम भरलेली असते. दोन शर्ट, टॉवेल, चार्जर, गोळ्या, शेंगदाण्याची चटणी. हे घरी आले की आधी वासावरून ओळखते कुठं जाऊन आले ते. साखर कारखान्याचा मळीचा वास तर दोन धुण्यांत निघत नाही.

मला एवढंच विचारायचंय. रात्री साडेतीनला गाठ बाहेर पडली, त्या रात्रीचे पैसे मिळाले का? यांच्या कंपनीत रात्रीचा कॉल असला तरी दुसऱ्या दिवशी नऊची हजेरी आहेच. गाडीचा किलोमीटरचा दर पेट्रोल सत्तरला होतं तेव्हा ठरला, तो अजून तोच. अनुभव वाचायला छान वाटतात, पण जागरणाचा हिशोब कुणी मांडत नाही.

---

डिप्लोमा_लास्ट_इयर | मंगळवार, सकाळी ९:२२

बुकमार्क केला. सर, मी बीडचा, मेकॅनिकल डिप्लोमा शेवटचं वर्ष. सगळे म्हणतात पुण्याला जा, चाकणला लाइनवर लाग. मला ही सर्व्हिसची लाइन आवडते. काय शिकून यावं?

---

पाना_सतरा | मंगळवार, दुपारी १:०५ (ढाब्यावरून)

वहिनी, नाही मिळाले. ‘कॉम्प-ऑफ’ (बदली सुट्टी) मिळाला, तो घ्यायच्या दिवशी परभणीचा कॉल लागला. तुमचा मुद्दा शंभर टक्के.

भट्टीजवळचे दादा, पार्ट बदलून पळणाऱ्यांबद्दल वाद नाही. पण त्याला एक कारण आहे. आमचा महिन्याचा हिशोब ‘किती कॉल क्लोज केले’ आणि ‘किती स्पेअर विकले’ यावर होतो. कारण शोधून फुकटात चालू केलेल्या मशीनसाठी रकाना नाही.

मालक डोक्यावर उभा असेल तर मी त्याला काम देतो. “शेठ, मागच्या आठ दिवसांचं लॉगबुक काढायला सांगा, आणि याच पंपाचं मागचं बिल शोधा.” तो ऑफिसात गेला की हॉलमधली माणसं बोलायला लागतात. मी बसून राहतो ते आळसानं नव्हे, याच्यासाठी.

नावाबद्दल संध्याकाळी लिहितो, आता जेवण आलंय.

डिप्लोमावाल्या भावा, पुस्तकातलं तुला येत असेलच, बाहेरचं थोडं सांगतो. बेअरिंगचा नंबर वाचता आला पाहिजे. ६३०८ मधले शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, म्हणजे ४० मिलीमीटरचा शाफ्ट. ०४ पासून पुढं हा हिशोब चालतो, त्याखाली ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७. बेअरिंग हातोड्यानं ठोकून बसवू नकोस आणि गॅसच्या ज्योतीवर तापवू नकोस. हीटर नसेल तर तेलात, ११० डिग्रीच्या आसपास, त्याच्या फार वर नाही. डायल गेज लावून कपलिंग अलाइन करायला शीक. इकडं निम्मे लोक पट्टी टेकवून डोळ्यानं बघतात आणि मग दर दोन महिन्यांनी बेअरिंग मागवतात. बाकी ऐकायला शीक. मशीनचं पण आणि माणसाचं पण.

---

गव्हाण | मंगळवार, दुपारी ४:४०

मी निवृत्त फिटर. लातूर जिल्ह्यात साखर कारखान्यावर उभी हयात गेली. मोळी टाकली, म्हणजे हंगाम सुरू झाला, की आमचं घर सुटायचं, ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत.

आमच्याकडं ब्रेकडाऊन म्हणजे यार्डात उभ्या गाड्या. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, साखर उतरते. टोळीवाले बैलगाडीखाली झोपलेले, लेकरं रडायलेली. गव्हाणीची (ऊस आत नेणाऱ्या पट्ट्याची) साखळी तुटली की हे सगळं तुमच्याकडं बघत असतं. अशा वेळी घाई होते, आणि घाईत माणूस बोट गमावतो.

त्यावर एक सांगतो. माझ्या एका जोडीदाराचा हात कपलिंगमध्ये असताना पलीकडून कुणीतरी स्टार्टर दाबला. “बंद ठेव रे” असं ओरडून सांगितलं होतं, पण शिफ्ट बदलली. नवीन माणसाला काय माहीत? दोन बोटं गेली. तेव्हापासून मी फ्यूज काढून माझ्या खिशात ठेवायचो. आता कुलूप लावतात, चावी आपल्याकडं. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २१ आणि २२ मध्ये फिरत्या यंत्राला झाकण आणि चालू यंत्राजवळच्या कामाबद्दल सगळं लिहिलेलं होतं, पण कलम हात धरायला येत नाही. चावी खिशात पाहिजे.

अन् पाण्याचं कुणी बोललं नाही अजून. आपल्या मराठवाड्यात निम्मी मशीनं पाणी मारतं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. त्याच्या आदल्या वर्षी परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं. ते पेपरात आलं. पेपरात काय आलं नाही, तर त्या वर्षी बारक्या-बारक्या कारखान्यांनी जे मिळंल ते बोअरचं, टँकरचं पाणी कूलरला आन् बॉयलरला वापरलं. क्षार इतके, की कूलरच्या नळ्या आतून चुन्यानं लिंपल्यासारख्या. पुढची दोन वर्षं आम्ही नळ्याच खरवडत होतो.

---

मल्टीमीटर | मंगळवार, सायंकाळी ६:१५

गव्हाणकाकांशी सहमत, फक्त निम्मी पाणी मारतं, उरलेली व्होल्टेज. ४१५ च्या जागी ३६० आले की तेवढाच लोड ओढायला मोटर जास्त अँपिअर घेते आणि तापते. मेकॅनिकलवाले बेअरिंग बदलतात, वायंडिंगवाला वायंडिंग करतो, पुन्हा महिन्यानं तेच. आधी मीटर लावा, मग पाना. तिन्ही फेज मोजा, एक मोजून ‘लाइट हाय’ म्हणू नका.

---

उदगीर_डाळ | मंगळवार, रात्री ९:०२

नमस्कार मंडळी. धाग्यात घुसून माझं दुखणं मांडतो, माफी असावी. आमची डाळमिल आहे. कलर सॉर्टरला (रंगावरून खराब दाणे वेगळे काढणाऱ्या मशीनला) हवा लागते, त्यासाठी २० एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर, एअर-कूल्ड. गेले पंधरा दिवस दुपारी एक ते चारमध्ये तीन-तीन वेळा ट्रिप व्हायलाय, आपोआप बंद पडायलाय. डिस्प्लेवर ‘हाय टेम्परेचर’, १०९ डिग्री. सकाळी व्यवस्थित चालतो. आमचा मिस्त्री म्हणतो स्क्रू एलिमेंट (हवा दाबणारा मुख्य भाग) गेलाय, बदलावा लागंल. कोटेशन ऐकून माझंच टेम्परेचर वाढलं. काय करावं?

---

पाना_सतरा | मंगळवार, रात्री ९:३०

एलिमेंट गेलेला असता तर सकाळीही रडला असता. थांबा जरा, ऑर्डर देऊ नका.

१. सकाळी आठला डिस्प्लेवर किती असतं?
२. बाहेर ऊन किती आणि कॉम्प्रेसर जिथून हवा ओढतो तिथं किती? साधा थर्मामीटर टांगा.
३. तेल शेवटचं कधी बदललं, लेव्हल कुठं आहे?
४. कूलरची जाळी कशी दिसते?
५. पंधरा-वीस दिवसांपूर्वी तिथं काय बदललं?

---

उदगीर_डाळ | बुधवार, दुपारी २:४८

सकाळी ८८. आत्ता बाहेर ४१ आहे. ओढायच्या जागी थर्मामीटर टांगला, ५१ दाखवायलाय! तेल जानेवारीत बदललंय, लेव्हल बरोबर. कूलरवर डाळीची धूळ आहे, पण दर आठवड्याला ब्लोअर मारतो. आणि बदललं काहीच नाही.

---

भट्टीजवळचा | बुधवार, दुपारी ३:१०

“बदललं काहीच नाही.” हा हा हा. पाना_सतरा, तुमचं ते पहिलं उत्तर आलं बघा.

---

पाना_सतरा | बुधवार, रात्री ८:२०

उदगीरकर, बाहेर ४१ आणि तोंडाशी ५१, तर वरचे दहा डिग्री कुठून येतायत? अशा मशीनचं साधं गणित असतं: ओढलेल्या हवेच्या वर ४०-५० डिग्री धरा, तेवढं आतलं तापमान. ४१ वर ९१ पर्यंत गेलं तर समजू शकतो. ५१ वर १०० च्या पुढं जाणारच, त्यात कूलरवर धूळ. मशीन स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतंय असं मला वाटतं. त्या खोलीचा फोटो टाका. मशीनचा नको, खोलीचा.

आता कालचं राहिलेलं. भट्टीजवळचे दादा, त्या पोराचं नाव लिहिलं असतं तर त्याला दुसऱ्या दिवशी काढलं असतं. त्याच्या जागी नवा आला असता. त्याच ड्रममधून, त्याच उघड्या तोंडाच्या टाकीत, त्यानंही तेल टाकलं असतं. फिलरला जाळी असती तर बोळा आत गेलाच नसता. जाळी कुणी काढली, कधी काढली, कुणालाच ठाऊक नव्हतं. मग लिहायचं काय आणि कुणाचं?

दुसरं स्वार्थाचं आहे. मला त्या जिनिंगवर पुन्हा जायचंय. मामा बोलले ते मी पोचवणार नाही या भरवशावर. एकदा त्यांचं नाव कागदावर गेलं की पुढच्या वेळी मला तिथं बिडी पेटवायलासुद्धा कुणी येणार नाही, मग मी बिघाड पाच दिवस शोधत बसेन. तुमच्या मिलमध्ये खरं बोलणाऱ्याला काय होतं?

---

भट्टीजवळचा | बुधवार, रात्री १०:४५

काय होतं ते सांगतो. गेल्या वर्षी एका पोरानं कबूल केलं की गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग नीट बसवला नव्हता. तेल गळून गेलं, दात गेले. मीच रिपोर्ट केला. त्याचा पंधरा दिवसांचा पगार कापला. त्यानंतर माझ्या शिफ्टला कुणी कबूल केलेलं काही आठवत नाही. सगळं ‘चालता चालता बंद पडतं’.

पूर्ण पटलं असं म्हणत नाही. मुद्दाम हयगय करणारे पण असतात, त्यांचं काय? पण जाळीचा मुद्दा घेतला. उद्या आमच्या हायड्रॉलिक पॉवर पॅकचे (पंप-टाकीचे) फिलर बघतो.

---

गव्हाण | गुरुवार, सकाळी ६:३०

मुद्दाम करणारा दिसतो हो. तो बोळ्याबद्दल बोलत नाही, दुसऱ्याबद्दल बोलतो.

अवांतर: पाना साहेब, हायड्रॉलिकवर काम करणाऱ्या पोरांना एक सांगत चला. होजची बारीक गळती हातानं चाचपू नये. ती धार सुईसारखी कातडीत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, आतून हात सडतो. पुठ्ठा धरून बघायचं. तसं झालंच तर घरी न जाता तडक दवाखाना.

---

डिप्लोमा_लास्ट_इयर | गुरुवार, सकाळी १०:१२

काका, हे आम्हाला कॉलेजात कुणीच सांगितलं नाही. वहीत लिहून घेतलं. सौ_ब्रेकडाऊन ताई, तुमचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला तर आई म्हणाली, “पुण्यालाच जा.”

---

सौ_ब्रेकडाऊन | गुरुवार, सकाळी ११:००

आईला म्हणावं, पुण्यातसुद्धा नाइट शिफ्ट असते. इंटरव्ह्यूत पगाराबरोबर रात्रीच्या कॉलचे पैसे, गाडीचा दर आणि विमा एवढं विचार. लाजू नकोस. आमचे हे लाजले.

---

उदगीर_डाळ | शुक्रवार, सायंकाळी ५:३५

मंडळी, लागला बगा तपास.

फोटो काढायला खोलीत गेलो आणि दारातच हसू आलं. मिलमधली भुशाची धूळ कॉम्प्रेसरवर येते म्हणून गेल्या महिन्यात पत्र्याचं पार्टिशन मारलं होतं. मशीनच्या पाठीमागं, गरम हवा फेकते त्याच बाजूला, दीड फुटावर. गरम हवा पत्र्यावर आदळून, वळून, पुन्हा ओढायच्या जाळीकडं. मी हात धरून बघितला, भट्टीच.

काल वरचे दोन पत्रे काढले आणि कूलर धुऊन घेतला. आज दुपारी अडीचला बाहेर ४१ च होतं, डिस्प्लेवर ९३. दिवसभरात एकदाही ट्रिप नाही. पक्कं काम म्हणून गरम हवा बाहेर न्यायला डक्ट करतो. मिस्त्रीला एलिमेंट मागवू नको म्हणून सांगितलं, तो जरा रुसलाय.

---

पाना_सतरा | शुक्रवार, रात्री ९:१५

डक्ट करताना मशीनच्या तोंडापेक्षा लहान करू नका, आणि लांब गेला तर त्याला स्वतंत्र पंखा लागेल. एवढे दिवस १०९ वर ट्रिप झालाय म्हणजे तेल करपलेलं असणार. तास भरायची वाट न बघता या वेळी लवकर बदला, फिल्टरसकट. तेल काढायच्या आधी दाब पूर्ण उतरलाय का ते गेजवर बघा. मिस्त्रीला रुसू देऊ नका, तेलाचं काम त्यालाच द्या.

---

भट्टीजवळचा | शुक्रवार, रात्री ९:४०

ते सगळं खरं, पण पार्टिशन मारलं कुणी? रिपोर्टमध्ये नाव येणार का?

---

उदगीर_डाळ | शुक्रवार, रात्री ९:५२

मीच उभं राहून मारून घेतलं हो. गडी तेव्हाच म्हणत होता, “मालक, हिकडून गरम येतंय.” मीच गप बस म्हणलो.

---

पाना_सतरा | शुक्रवार, रात्री १०:०५

‘वायुवीजन अपुरे. दुरुस्त केले.’ सही करा.